करपलेली वात

"पण बुवा, मग मी काय करायचं?"

बुवांची चिलीम सुटणार असं सकाळी कानावर आल्यापासून सखाहरी हेच विचारत होता.

रेवजीबुवा धुनीपुढे बसले होते. खोकल्याची उबळ नुकतीच ओसरली होती. त्यांनी पंच्याने डोळे पुसले.

टेकडीवरच्या त्या मठीत सखाहरीकडे एकच काम होतं. बुवांची चिलीम भरायची. तंबाखू तळव्यावर चुरायचा, चिलमीत खडा बसवायचा, खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, वर निखारा ठेवायचा. बुवा न बोलता हात पुढे करायचे आणि चिलीम त्या हातात जायची. पोथी वाचणारे आले नि गेले, झाडलोट करणारे आले नि गेले. चिलमीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. सखाहरीचा सगळा तोरा त्यावरच होता, आणि तोरा काही थोडाथोडका नव्हता.

मग मार्गशीर्षात निनाद आला. पुण्यातली नोकरी सोडून आलेला, चष्मेवाला, गोड बोलणारा. त्याने काही सांगितलं की बुवा हसायचे. मोठ्याने हसायचे. सखाहरीशी बोलताना ते असे कधी हसले नव्हते. त्या दिवसापासून सखाहरीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

आणि आज तर निनादने धुनीपुढे एक खोकंच उघडलं.

आत एक जाडसर काळी नळी होती. तिच्यावर बसणारी काचेची एवढीशी टाकी. एक बाटली, तिच्यात मधासारखा रस. एक वायर.

"इलेक्ट्रिक सिगारेट आहे, बुवा," निनाद म्हणाला. "यात राख नाही, निखारा नाही. रस संपला की पुन्हा भरायचा. माझी सिगारेट हिच्यावरच सुटली."

"या वस्तूला बंदी आहे म्हणतात आपल्याकडे," सखाहरी मध्येच बोलला.

"आहे, दादा. भावाने लंडनहून आणली होती. हीसुद्धा काही औषध नाही. पण बुवांचा खोकला ऐकवत नाही मला."

ऐकवत नाही म्हणे. काल आलास आणि तुला ऐकवत नाही. सखाहरी हे मनात म्हणाला, पण तोंडावर सगळं दिसत होतं. खोकला तोही ऐकत होता. ऐकत होता आणि चिलीम भरत होता.

निनाद बाटलीचं बूच काढायला लागला.

"थांब," बुवा म्हणाले. "भरायचं काम सखाहरीचं."

सखाहरीचा चेहरा उजळला. पण घटकाभरच. कारण मग निनाद त्याच्याशेजारी मांडी घालून बसला आणि त्याला शिकवू लागला. भरायचं कसं, हे सखाहरीला शिकवू लागला.

"कडेच्या भोकातून ओता, दादा. मधल्या नळीत थेंब जाऊ द्यायचा नाही... हं, असं. आत कापसाची वात आहे. ती रसात पुरती भिजू द्यायची. तोवर ओढायचं नाही. कोरडी राहिली तर करपते, आणि मग घसा सोलून निघतो."

"कळलं."

"मी खालच्या पंपावरून पाणी घेऊन येतो. तोवर भिजेल."

निनाद कळशी घेऊन पायवाटेने उतरला. सखाहरी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. नळी त्याच्या हातात होती.

काचेतून आतली वात दिसत होती. पांढरीशुभ्र, अजून कोरडी.

ही नळी इथे राहिली तर तंबाखू कोण चुरणार? निखारा कोण निवडणार? बटण दाबलं की झालं. रस काय, कुणीही भरेल. मग बुवांच्या उजव्या हाताला सखाहरी बसला काय आणि नाही बसला काय.

"भिजली का रे?" बुवांनी विचारलं.

सखाहरीने टाकी मुठीत झाकली.

"भिजली, बुवा. ओढा."

बुवांनी हात पुढे केला. नळी त्या हातात गेली.

त्यांनी बटण दाबलं आणि झुरका घेतला. आत चर्र झालं. जळक्या चिंधीचा वास सखाहरीच्या नाकापर्यंत आला. आता थुंकतील, त्याला वाटलं. आता धुनीत फेकतील, आणि पोरगा वर येईल तेव्हा त्याला दाखवायला राख उरेल.

बुवांनी डोळे मिटले. धूर हळूहळू सोडला.

"बरी आहे," ते म्हणाले.

आणि दुसरा झुरका घेतला.

सखाहरी बघतच राहिला. बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. खोकला वर येत होता आणि ते तो दाबत होते. वात आता तपकिरी पडली होती.

तिसरा झुरका...

"बुवा, पुरे."

"का रे? तू भरलीस ना?"

"मी भरली म्हणून काय..."

बुवांनी नळी पुन्हा ओठांना लावली.

सखाहरीने झेप घेतली आणि नळी त्यांच्या हातातून हिसकावली. एवढ्या वर्षांत त्याने त्या हातात दिलं होतं, त्या हातातून काढून कधी घेतलं नव्हतं.

"ओढू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "वात कोरडी होती. मला दिसत होतं. मुद्दाम दिली मी तुम्हाला. तुम्ही थुंकून टाकाल, त्याची फजिती होईल, म्हणून दिली."

आता बुवांनी खोकला मोकळा सोडला. तो बराच वेळ चालला. सखाहरी त्यांची पाठ चोळत राहिला. पायवाटेवरून निनादच्या चपला वाजायला लागल्या होत्या.

"जातो मी, बुवा," सखाहरी म्हणाला. "तो पोरगा चांगला आहे. तुमचा जीव जपेल. मला जळफळाटापुढे तुमचा घसा दिसला नाही. मी कसला शिष्य?"

तो उठला, पण तिथेच वळला.

"करपलेलं तोंडात गेल्या गेल्या कळलं असेल तुम्हाला. मग ओढत का राहिलात?"

बुवांनी पंच्याने तोंड पुसलं. सखाहरीच्या मनगटाला धरून त्याला उजव्या हाताला, नेहमीच्या जागी, खाली बसवलं.

"अरे, हा पोरगा आला तेव्हापासून तुझी चिलीमही अशीच करपट लागतेय," ते म्हणाले. "ओढतोच आहे की मी."