पहिल्या मुठीची कहाणी

ऐका बायांनो, पहिल्या मुठीची कहाणी. ज्यांच्या दारी कोंबड्या आहेत त्यांनी नीट ऐका, ज्यांच्या नाहीत त्यांनी मध्ये बोलू नका.

एक आटपाट नगर होतं. नगराच्या वेशीबाहेर भिवरा नावाची विधवा राहत होती. तिला एक लेक होती, तानू. दारी पाच कोंबड्या होत्या नि एक कोंबडा. अंडी विकून मायलेकींचं पोट चाले.

आषाढाचा महिना आला. परगावचा पाव्हणा आपल्या लेकासाठी तानूला बघायला आला. भिवराला कोण आनंद झाला. पण वाढायचं काय? कोंबडी कापावी तर अंडं जातं. कोंबडा काय देतो? अंडं देत नाही, दाणे खातो, वर तुरा मिरवतो. मग तिनं कोंबडा कापला, रस्सा केला, भाकरी केल्या. पाव्हणा बोटं चाटून जेवला.

जेवून म्हणाला, "विहीणबाई, मुलगी पसंत आहे. मला हुंडा नको, भांडी नकोत. आमच्याकडच्या कोंबड्या रोगानं मेल्या. तानूबरोबर एक कोंबडी नि तिची सात पिलं द्या. पिलं झाली की निरोप धाडा." भिवरा म्हणाली, "दिली." कोंबडा पोटात नि मागणं पिलांचं, हे दोघांनाही सुचलं नाही बघा.

मग महिन्यानं एक कोंबडी खुडूक झाली. भिवरानं तिला अंड्यांवर बसवलं. एकवीस दिवस झाले, पीलू नाही. अंडी फोडली तर सगळी नासकी. मग दुसरी बसवली, तीच गत. मग तिसरी बसवली, तीच गत. इकडे घार आली, कुणी ओरडून सावध केलं नाही, एक कोंबडी गेली. मुंगूस आलं, दुसरी गेली. उरल्या त्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ झाल्या. तिकडून निरोप आला, "माघ उजाडेपर्यंत वाट बघतो, नाहीतर दुसरी मुलगी बघतो." तानूनं डोळे पुसले नि पाण्याला गेली. भिवरा उंबऱ्यात बसून रडू लागली.

मग दारी एक म्हातारी आली. काखेत तांबडा कोंबडा. "बाई, का रडतेस?" भिवरानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "अगं वेडे, कोंबड्याशिवाय अंड्यात जीव कुठून येईल? हा घे. पण वसा घेशील?"

"घेईन."

"पाव्हणा आला की टाकशील."

"नाही टाकणार."

"मग ऐक. पहाटे हा आरवला की उठावं. अंगण झाडावं. दाण्यांची पहिली मूठ याला टाकावी, हात जोडावे. आषाढ असो, जत्रा असो, राजा दारी येवो, घरचा शेवटचा कोंबडा कापू नये." असं म्हणून म्हातारी दिसेनाशी झाली.

भिवरा वसा पाळू लागली. तांबडा काय करी? मूठ पडली की आपण खाई ना. कोंबड्यांना बोलावी, त्या खात, मग उरलेलं टिपी. घारीची सावली दिसली की ओरडे, कोंबड्या बांबूच्या डालाखाली शिरत. भांडण लागलं की मध्ये उभा राही. आधीचाही हेच करीत होता, भिवरानं कधी पाहिलं नव्हतं. बाई त्याला आठवून फार रडली.

मग कोंबडी बसवली. एकविसाव्या दिवशी सात पिलं निघाली. निरोप गेला. व्याही लग्नाला आला. तांबडा बघून म्हणाला, "विहीणबाई, मागच्यासारखा रस्सा होऊ द्या."

भिवरा पेचात पडली. नाही म्हणावं तर सोयरीक मोडते, हो म्हणावं तर वसा मोडतो. तिनं पिठलं-भाकरीचं ताट पुढं ठेवलं. हात जोडले. म्हणाली, "मागचा आपण दोघांनी मिळून खाल्ला. हा नाही मिळायचा." व्याही रागावला. ताट सारलं, अंगणात आला.

तोच घार झेपावली. तांबडा ओरडला. सहा पिलं आईच्या पंखाखाली शिरली, एक मागं राहिलं. तांबडा त्याच्यावर पंख पसरून उभा राहिला. घारीशी झुंजला. घार गेली, तांबड्याचा एक डोळा गेला. पंखाखालून सातवं पीलू चिवचिवत बाहेर आलं.

व्याह्यानं पागोटं उतरवलं. म्हणाला, "मी खाल्ला तोही असाच उभा राहिला असता. ते ताट आणा. पिठलं गार झालं असलं तरी चालेल." मग तो जेवला.

मग लग्न लागलं. निघताना तानूनं पहिली मूठ तांबड्याला टाकली. म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस तू आधी खा." तांबड्यानं एका डोळ्यानं दाणे पाहिले नि रोजच्यासारखं सगळ्यांना बोलावलं. कोंबड्या जेवल्या, पिलं जेवली. मग तानू खाली बसली. मागं राहिलेले चार दाणे तिनं हातावर घेतले, नि त्याला भरवले.

जसा तांबडा भिवराला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. तुमच्या दारी पहाट आरवत येवो, तुमच्या लेकी भरल्या डालानं सासरी जावोत. ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरी, सात पिलांसकट सुफळ संपूर्ण.