अक्काने परत नेलेला गोळा

ज्या घराला मालकच नाही, ते घर उभं कसं राहतं, सांगता येईल का तुम्हाला? फार पूर्वी एका बोरीखाली असंच एक वारूळ होतं. कुणाही मुंगीने तिथे यावं, राहावं, मातीचा गोळा आणून भिंतीत भर घालावी. अट एकच होती. गोळा लावण्याआधी तो म्हाताऱ्या गोदाक्काला दाखवायचा.

टिकली नावाच्या तरुण मुंगीचा गोळा अक्काने एका सकाळी पुन्हा परत पाठवला. "कोरडा आहे गं. शेजारच्या मातीला धरणार नाही."

टिकली फणकारली, "आणि तुमचे गोळे कोण तपासतं, अक्का?"

"माझे?" अक्का हसली. "माझे कशाला तपासायला हवेत?"

त्याच दुपारी अंड्यांच्या खोलीचं छत तडकलं. माती अंड्यांवर पडू लागली. मुंग्यांनी धावत जाऊन अंडी कशीबशी बाहेर काढली. टिकलीने तडा चाचपून पाहिला. आतली माती अगदी कोरडी होती, आणि ते छत कालच अक्काने एकटीने लिंपलं होतं. सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं.

"बोल की आता," अक्का हळूच म्हणाली. "सकाळी बोललीस तशी."

"बोलून छत थोडंच भरणार आहे?" टिकली म्हणाली. "मी माती आणते. तुम्ही बघा."

"बघते. पण माझी तू बघायचीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गोळा घेऊन आली. टिकलीने तो तपासला आणि परत पाठवला. अक्का तो भिजवायला ओढ्याकडे गेली.