गोजाईची पाठ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, सावरमाळात एकही विहीर खोदली नव्हती तेव्हाची. गावाला लागून गवताचा माळ होता आणि माळापलीकडे दाट राई. माळावर रानउंदरांची बिळं होती. गवत हिरवं असेतो उंदीर माळावर राहायचे, थंडी पडली की राईत जायचे. जायचे ते गवताच्या आडोशानं, कारण उघड्यावर घारी टपलेल्या असत.

एका साली पाऊस कमी झाला. चारा पुरेना म्हणून लोकांनी माळ थेट राईपर्यंत कापला आणि गंज्या घराशेजारी रचल्या. आता आडोसा उरला तो गावातच. उंदीर घरांत शिरले, बियाणं आणि गोधड्या कुरतडू लागले. त्यांच्या मागून साप आले. बायका लेकरांना खाली ठेवीनात.

गावात गोजाई नावाची म्हातारी होती. तिच्या नातवाच्या पाळण्याखाली नाग निघाला.

"आत्याबाई, मी पोराला घेऊन माहेरी जाते," सून बायजा पोराला उचलत म्हणाली.

"आज थांब. उंदरांना राईत जायला वाट नाही गं, म्हणून ते इथं आलेत."

गोजाईनं आपली गंजी सोडली आणि गावापासून राईकडे गवताचा जाड पट्टा अंथरायला घेतला. शेजारचा रखमाजी ओरडला, "म्हातारे, म्हशीला काय माती घालशील?"

"पोरापरीस म्हस मोठी न्हाई," एवढंच ती बोलली.

पण राई माणूसभर लांब राहिली आणि गवत संपलं. दिवस मावळत होता. गोजाई त्या मोकळ्या जागेत पालथी पडली आणि तिनं घोंगडी अंगावर ओढली.

वारा नव्हता, तरी गवत हललं, असं म्हणतात. घरांपासून राईपर्यंत पाण्यासारखी लहर गेली. उंदीर तिच्या पाठीवरून गेले आणि त्यांच्या मागून साप गेले. सगळं गाव लांबून बघत होतं. हाक मारायची कुणाची छाती झाली नाही.

सळसळ थांबली तशी बायजा धावली. तिनं घोंगडी ओढली. गोजाईचे डोळे गच्च मिटलेले होते.

"गेले का गं सगळे?" तिनं विचारलं.

त्या रात्री रखमाजीनं आपल्या गंजीतला भारा तिच्या म्हशीपुढे टाकला. गोजाई पुढं पुष्कळ जगली, पण तिच्या पाठीवरचा शहारा कधी गेला नाही, असं म्हणतात.

सावरमाळात आजही गवत कापताना राईपर्यंतचा एक पट्टा उभा ठेवतात. त्याला गोजाईची पाठ म्हणतात. त्यावर कुणी पाय देत नाही. थंडीत वाऱ्यावाचून तो हलला की बायका लेकरांना उचलून घेतात आणि हळूच म्हणतात, "जावा बाबांनो, वाट मोकळी हाय."