शाणायनांनी पाडलेले पैलू

पूर्वी कृतयुगात, जेव्हा रत्ने केवळ घासूनपुसून देवांच्या मुकुटांत बसवली जात आणि त्यांना पैलू पाडण्याची रीत अजून रुळली नव्हती, तेव्हा हेमकूट पर्वताच्या दक्षिण उतारावर शाणायन ऋषींचा आश्रम होता. देवदारांची घनदाट छाया, शीतल निर्झर, निर्भय मृगांचे कळप हे सारे तेथे होतेच. परंतु इतर आश्रमांत जेथे वेदघोष घुमे, तेथे या आश्रमात दगडी चाकाची घरघर चाले. पत्नी ज्योतिष्मती चाक फिरवी आणि शाणायन त्यावर रत्न धरीत. हेच त्यांचे तप, आणि खरे सांगायचे तर दोघांनाही दुसरे तप सुचलेही नसते.

एकदा जलाधिपती वरुण कवठाएवढा हिरा घेऊन आला. म्हणाला, "मुनिवर, माता अदितीच्या कंठी हा शोभावा, असा उजळा. मात्र याचे वजन गुंजभरही घटता कामा नये. मातेला अर्पिलेले मी कमी होऊ देणार नाही."

अतिथीचा शब्द मोडायचा नाही, हे शाणायनांचे व्रत. ते होय म्हणाले, आणि तेथेच माशी शिंकली. महिनाभर कुरुंद या कठीण दगडाच्या भुकटीने घासून त्यांनी खाऱ्या पाण्याची पुटे तेवढी काढली. हिरा होता तसाच पसरट राहिला.

वरुणाने तो तळहातावर घेतला, तो हाताच्या रेषा आरपार दिसू लागल्या. वरून शिरलेला प्रकाश तळातून निसटून जात होता.

"मी जळाचा स्वामी आहे," वरुण संतापून म्हणाला. "मला पाणीच हवे असते, तर तुमच्या दारी का आलो असतो? हे चाक यापुढे फिरणार नाही." शाप देण्यासाठी त्याने ओंजळीत उदक घेतले. चाकावाचून आपण जगायचे कसे, या विचाराने शाणायनांचे प्राण कासावीस झाले.

ज्योतिष्मती पुढे झाली. "देवा, पतींची चूक आहेच, हिऱ्याला काय हवे ते कळत असूनही ते गप्प बसले. पण अट आपली होती. प्रकाश तळाशी अडून डोळ्यांकडे वळायचा, तर तळ निमुळता कापायला हवा. तिसरा हिस्सा वजन जाईल. तरीही तेज आले नाही, तर खुशाल शाप द्यावा."

वरुणाने ओंजळ रिकामी केली. "वजन जाऊ दे. पौर्णिमेपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

परंतु कुरुंदाने त्या हिऱ्यावर साधा ओरखडाही उठेना. तेव्हा ज्योतिष्मतीने बोटातली अंगठी काढली. तिच्यात विवाहसमयी पतीने दिलेला, आश्रमातला एकमेव दुसरा हिरा होता.

"हा कुटा," ती म्हणाली.

"तो मी तुला दिला होता."

"माझा आहे, म्हणूनच देते."

शाणायनांनी डोळे पुसले आणि हिरा कुटला. ती भुकटी तिळाच्या तेलात कालवून चाकाला लावताच हिरा प्रथमच झिजू लागला. एकेक पैलू उमटत गेला, आणि झिजून पडणारा कण न् कण ज्योतिष्मती मोरपिसाने गोळा करीत राहिली.

पौर्णिमेच्या सकाळी वरुणाने हिरा पुन्हा तळहातावर घेतला. रेषा दिसेनात; सप्तरंगी ठिणग्या मात्र थेट त्याच्या मुखावर उसळल्या. तो महाप्रतापी दिक्पाल लहान मुलासारखा हात हलवून त्या पाहत बसला. मग प्रसन्न होऊन म्हणाला, "देवी, तुमच्या अंगठीसाठी याहून तेजस्वी हिरा देतो."

"नको, देवा. आपल्या हिऱ्याची ही भुकटी तेवढी आमच्याकडे राहू द्या. उद्या दुसरा हिरा आला, तर तो कशाने कापू?"

"तथास्तु," वरुण म्हणाला. "प्रत्येक हिरा झिजताना पुढच्यासाठी भुकटी मागे ठेवील. तुमचे चाक कधी थांबणार नाही."

म्हणूनच आजही हिरा हिऱ्याच्याच भुकटीने कापला जातो, आणि पैलू पाडणारा कारागीर गेलेल्या वजनाची हळहळ करीत न बसता चाकाखालची भुकटी आधी गोळा करतो.