येसू कुंभारणीचं खुरपं

राजा भुजंगराव फिरायला निघाला आणि त्याच्या कोऱ्या धोतरात कुसळं घुसली. झालं! राजे लोक कुसळं काढत बसत नाहीत, हुकूम काढतात. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! ज्याच्या मालकीच्या जागेत न पेरलेलं, आपोआप उगवलेलं, वीतभराच्या वर गेलेलं काही दिसेल, त्यानं ते मुळासकट उपटावं! नाहीतर दारचं जनावर जप्त!"

कोतवाल धोंडजी वीतभर काठी घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागला. एवढीशी काठी, पण माणूस केवढा फुगला! दारातल्या तुळशीसुद्धा मोजल्या लेकाच्यानं. मग शिरला येसू कुंभारणीच्या परसात आणि तिथल्या गवताला काठी लावली.

"वीत आणि चार बोटं! सोड गाढव!"

येसूचं सुभेदार नावाचं गाढव गेलं तर माती कोण वाहणार? आणि गवत उपटलं तर बाजारात नेताना मडक्यांच्या मधे काय घालायचं, स्वतःच्या झिंज्या?

ती तडक दरबारात गेली.

"सरकार, ते गवत मी मडक्यांसाठी राखलंय. तण नाही ते!"

"तू पेरलंस?"

"नाही."

"मग तणच!" राजानं मिशीला पीळ दिला. "न पेरलेलं, वीतभर वाढलेलं, मालकानं राखलेलं आणि माझा कोतवालही उपटायला धजत नाही, असं काही या नगरात दाखव. उद्या दुपारपर्यंत! नाही दाखवलंस तर गाढव आमचं!"

'असली तणं दरबारात कमी आहेत का?' हे येसूच्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं बिचारीनं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती खुरपं घेऊनच.

"हे कशाला गं?"

"उपटायला, सरकार! तण सापडलं. आधी कोतवालसाहेबांनी मोजावं."

"कुठाय?" धोंडजी काठी सरसावून पुढं आला.

"सरकारांच्या नाकाखाली!"

धोंडजीला मोजायची खोडच लागलेली. त्यानं काठी थेट राजाच्या मिशीला लावली आणि ओरडला, "वीत आणि दोन बोटं!" मग आपण काय केलं ते त्याला कळलं. काठी गळून पडली.

"तोंड सरकारांच्या मालकीचं," येसू म्हणाली. "मिशी पेरली कुणी?"

"कुणी नाही," राजा पुटपुटला.

"आपोआप उगवली?"

"हो, पण..."

"मग कोतवालसाहेब, घ्या खुरपं! उपटा मुळासकट!"

धोंडजी खांबामागे!

"खबरदार!" राजानं दोन्ही हातांनी मिशी झाकली. "वीस वर्षं तूप लावून राखलीय मी!"

"राखलीय ना? मग माझंही राखलेलंच की, सरकार! तुमचं तुपावर वाढतं, माझं पावसावर!"

राजा असा हसला, असा हसला की मिशीचे दोन्ही आकडे कानाला लागले. दवंडी मागे घेतली. राजवाड्याची सगळी मडकी येसूकडून घ्यायचं ठरलं. सुभेदाराला मखमली झूल मिळाली.

"आणि धोंडजी," राजा डोळे पुसत म्हणाला, "तुझी काठी ठेव आणि हे धोतर घे. बस कुसळं काढत!"