रुपयावरचा अंगठा

"निघेल का, तात्या?"

तात्या पोतनीस नाणं कडेनं चिमटीत धरून भिंगातून पाहत राहिले. दिगंबर शेजवळ नाण्यांच्या नादी लागला, तेव्हा त्यांनी त्याला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. नाणं धरायचं ते कडेनं. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही.

रुपया टाकसाळीतच चुकला होता. ठसा एका बाजूला सरकून निम्मं नाणं कोरं राहिलेलं. असली नाणी सहसा बाहेर पडत नाहीत, आणि पडली तरी हातोहाती फिरून झिजतात. हे मात्र कालच पाडल्यासारखं लखलखीत होतं. फक्त कोऱ्या भागावर एक पुसटसा अंगठा उमटला होता.

"निघेल," तात्या म्हणाले. "अजून धातूत उतरलेला नाही."

"मग काढाच. एवढा डाग गेला की सगळ्यात वरचा दर्जा. रविवारच्या प्रदर्शनात माझ्यासमोर कोणी उभं राहणार नाही."

"राहतील की. बघायला तरी."

दिगंबर हसला.

"कोणाचा हा पराक्रम?" तात्यांनी अंगठ्याकडे बोट दाखवलं.

"कुंदाचा. बँकेत कॅशवर होती तेव्हा नाण्यांची नवी पिशवी फोडली, तर वरच हे. आपला रुपया आत टाकला आणि हे माझ्यासाठी घेऊन आली. कडेनं धर म्हणून कितीदा सांगितलं होतं. पण तिला आनंद झाला की मग..."

तो थांबला.

कुंदाला, त्याच्या बायकोला, जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

तात्यांनी बाटलीतलं अ‍ॅसिटोन कापसावर घेतलं आणि कापूस त्याच्या हातात दिला.

"पूस."

"मी?"

"नाणं तुझं आहे."

दिगंबर भिंगावर वाकला. अंगठ्याची एकेक रेष स्वच्छ दिसत होती. मधोमध एक आडवी खूण. विळीवर कापलं होतं तिला, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत...

कापूस हातातल्या हातात वाळून गेला.

त्यानं नाणं डबीत ठेवलं. मग खाली वाकून तात्यांच्या पायांना हात लावला.

"निम्मा संग्रह तिनंच आणून दिलाय, तात्या. मी म्हणायचो, माझी नजर चांगली."

तात्यांनी बाटलीचं बूच लावलं.

"मग प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर दर्जा काय लिहू?"

"आधी तिचं नाव लिही," तात्या म्हणाले. "जागा उरली, तर दर्जा."