चेटकाचा अभ्यास

“…पण महाराज, गाव गिरजाबाईला चेटकीण म्हणतंय, त्यात माझा काय दोष?”

सोमगिरी महाराज मठाच्या पायरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निशिकांत खर्चे. जादूटोणा आणि चेटूक या विषयावर पीएचडी करणारा, भलताच हुशार गडी. दिवाळीपासून गावात तळ ठोकून होता. घरोघर जाऊन एकच विचारायचा, तुमचा संशय कुणावर आहे?

आधी लोक हसले. मग विचारात पडले. एवढा शिकलेला माणूस उगाच कशाला विचारेल? आणि हा तर ऊठसूट गिरजाबाईच्याच ओट्यावर दिसतो! म्हातारी एकटी, जुन्या गोष्टी रंगवून सांगायची, म्हणून जायचा बिचारा. पण गावाला तेवढं पुरलं.

आता आज चावडीवर तिला गावाबाहेर घालवायचं घाटत होतं. खरं काय ते साहेबांनीच सांगावं, असा निशिकांतला निरोप आला होता. तिची बाजू घ्यावी तर अभ्यासकाचा तटस्थपणा जातो, गप्प बसावं तर म्हातारी जाते. म्हणून तो मठात धावत आला होता.

“तू येण्याआधी तिला चेटकीण कोण म्हणायचं?” महाराजांनी विचारलं.

“…कुणी नाही.”

महाराज वाती वळत राहिले.

“माझा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नाही, महाराज.”

“काडीचाही नाही?”

“नाही.”

महाराजांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. उन्हातून आलेल्या निशिकांतने तो तोंडाशी नेला, तोच महाराज म्हणाले, “गिरजाच आणून ठेवते रोज. आज मात्र काहीतरी पुटपुटत होती…”

तांब्या ओठांपाशी थांबला.

निशिकांतने आत पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. म्हातारी नाव घेत असेल देवाचं, हे त्यालाही कळत होतं. तरी हात काही पुढे सरकेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

महाराजांनी तांब्या काढून घेतला आणि गटागटा रिकामा केला.

निशिकांतने हळूच विचारलं, “चावडीवर काय बोलू?”

“बोलू नकोस. गिरजाकडे पाणी माग. सगळ्यांदेखत पी…” महाराजांनी पुढची वात हाती घेतली. “आणि तिथे हात थांबू देऊ नकोस.”